पाकग्रंथ आणि हसलेला अनारसा

मराठी टीकेने ज्या वाङ्मयप्रकारांची दखल घेण्याचे बहुधा टाळले आहे, त्यांत पाकग्रंथाची गणना करावी लागेल. ग्रंथालयात तो गृहशास्त्राच्या कपाटात जातो, घरात पिठाच्या डब्यामागे राहतो, आणि परीक्षणाच्या स्तंभात त्याला क्वचितच प्रवेश मिळतो. वास्तविक ज्याच्या वाक्यांची इतकी निष्ठुर परीक्षा होते असे दुसरे पुस्तक शोधून सापडणे कठीण. कादंबरीतले एखादे वाक्य पोकळ आहे हे कळावयास कधी कधी एक पिढी जावी लागते. पाकग्रंथातले वाक्य पोकळ असेल तर ते तासाभरात कढईत उघडे पडते. आणि त्या वाक्यावर विसंबून वाचकाने तूप, गूळ आणि अर्धा दिवस खर्ची घातलेला असतो.

अशा पुस्तकाला वाङ्मयीन कसोटी लावायची तर ती कोणती? भाषेची सफाई, कृतींची संख्या, छायाचित्रांचा झगमगाट या गोष्टी गौण होत. मला एकच कसोटी खरी वाटते : पदार्थ बिघडतो त्या क्षणी हे पुस्तक काय बोलते? पाक पुढे गेला, विरजण लागले नाही, अनारसा तुपात हसला, अशा वेळी वाचक पान उलटून पाहतो. तेथे त्याला काही सापडते की नाही, यावर त्या ग्रंथाची योग्यता ठरते. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या वाचकाच्या बाबतीत तर ही कसोटी अधिकच कडक होते; कारण शेजारच्या मावशींना हाक मारून विचारण्याची सोय त्याला नसते. त्याची मावशी म्हणजे ते पुस्तकच.

आपल्याकडे अन्नाविषयी लिहिले गेले नाही असे नाही. परंतु त्यांतले बरेचसे लेखन पाटावर बसलेल्या माणसाचे आहे, चुलीपुढे बसलेल्या माणसाचे नाही. पु. ल. देशपांडे यांचा ‘माझे खाद्यजीवन’ हा लेख मराठी वाचकाला प्रिय आहे, आणि योग्यच आहे. पण त्याचे नावच सांगते की तो खाणाऱ्याचा आनंद आहे. विनोदी वाङ्मयात स्वयंपाक येतो तो बहुधा बायको माहेरी गेल्यावर. नवरोबा कणीक भिजवितात, पाणी अधिक होते, मग पीठ, मग पुन्हा पाणी, आणि शेवटी परातीत डोंगर उभा राहतो. वाचक पोटभर हसतो. तीच कणीक नव्या सुनेच्या हातून सैल झाली असती तर तो विनोदाचा विषय झाला नसता. पुरुषाच्या हातचा बिघाड हा प्रसंग ठरतो, स्त्रीच्या हातचा बिघाड हा तिचा दोष ठरतो. आपल्या अन्नविषयक लेखनात करणाऱ्याचा आवाज इतका क्षीण का, याचे एक कारण येथे सापडेल. ज्याची चूक त्याच्या कुळावर जाते, तो चुकीविषयी मोकळेपणाने लिहीत नाही.

तथापि आपल्या परंपरेत करणाऱ्याची बाजू अगदीच अबोल नाही. आळंदीची मांड्यांची आख्यायिका आठवावी. मुक्ताबाईला मांडे करावयाचे आहेत आणि भाजण्यासाठी खापर मिळत नाही. म्हणून ज्ञानेश्वरांच्या पाठीवर मांडे भाजले जातात. भाविकाने यात योगसामर्थ्य पाहावे. पण कथेचा प्रारंभ एका साध्या स्वयंपाकघरातल्या अडचणीपासून होतो हेही विसरू नये. पीठ आहे, इच्छा आहे, आणि साधन नाही. घरापासून दूर, अपुऱ्या साधनांत आपला पदार्थ करू पाहणाऱ्या प्रत्येकाला ती अडचण ओळखीची वाटेल.

मुद्रित पाकग्रंथांचा इतिहास थोडक्यात असा. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ १८७५ साली प्रसिद्ध झाले, आणि छापील मराठी पाकग्रंथांत ते आद्य मानले जाते. १९१० साली लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया’ आले. १९७० साली कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ आली आणि घरोघर गेली. याही पूर्वी महाराष्ट्रापासून शेकडो कोस दूर, तंजावरच्या मराठी दरबाराच्या आश्रयाने पाककलेची नोंद झालेली आढळते. रघुनाथ नवहस्त यांचा सतराव्या शतकातील ‘भोजनकुतूहल’ हा ग्रंथ संस्कृतात आहे, पण त्याचा संबंध त्या दरबाराशी आहे. आणि दुसऱ्या सरफोजींच्या नावे ओळखले जाणारे ‘शरभेंद्र पाकशास्त्र’ तेथल्याच सरस्वती महाल ग्रंथालयाने जतन केले. स्वयंपाक लिहून ठेवण्याची गरज घर सोडलेल्यांना तीव्रतेने भासते, याचा हा पुरावाच मानावा लागेल. ज्याच्या घरी आजी आहे तो पाककृती लिहीत नाही.

या ग्रंथपरंपरेत ‘रुचिरा’ने जो पालट घडविला त्याचे मर्म वाटीत आहे. जुन्या मापांत शेर, तोळा, पायली, मापटे यांचा व्यवहार होता आणि एका प्रांताचा शेर दुसऱ्या प्रांताच्या शेराशी जुळत नव्हता. १९५८ पासून देशात दशमान वजने येऊ लागली आणि जुन्या ग्रंथांतील आकडे नव्या गृहिणीला परके झाले. कमलाबाईंनी शेरही टाकला आणि किलोच्या मागेही फारशा लागल्या नाहीत. त्यांनी वाटी हाती घेतली. वाटी हे वजन नव्हेच, ते प्रमाण आहे. एक वाटी डाळीला एक वाटी गूळ म्हटले की वाटी सांगलीची असो की रायपूरची, पुरण तेच होते. फारसे शालेय शिक्षण न लाभलेल्या एका बाईंनी शास्त्रज्ञाला शोभेल असा हा निर्णय घेतला. त्यांना कौतुकाने ‘एक लाख सुनांची सासू’ म्हटले गेले. या कौतुकात एक मार्मिक गोष्ट दडलेली आहे : ही सासू शिकविते, पण बोल लावीत नाही. पुस्तकासमोर चुकण्याची लाज वाटत नाही, हा छापील पाकग्रंथाने मराठी स्त्रीवर केलेला उपकार लहान नाही.

आता भाषेकडे वळू. पाकग्रंथाची भाषा विध्यर्थाची आहे : घ्यावे, भिजवावे, परतावे, उतरवावे. या क्रियापदांत शंकेला जागा नाही. स्वयंपाकघराची भाषा मात्र भूतकाळात बोलते : दूध नासले, कढी फुटली, फोडणी करपली, लाडू बसले, चिवडा सादळला, भाताची खिमट झाली, करंजी हसली. या वाक्यांत कर्ता पाहावा. दूध कोणी नासविले, लाडू कोणी बसविले, हे वाक्य सांगत नाही. लाडू आपण होऊन बसले. चिवडा स्वतःच सादळला. व्याकरणाच्या दृष्टीने ही साधी अकर्मक क्रियापदे आहेत. परंतु ज्या घरात प्रत्येक बिघाडाचा जाब विचारला जाई, त्या घरात पिढ्यानपिढ्यांच्या स्त्रियांनी ही क्रियापदे ढालीसारखी वापरली असावीत असे वाटते. समाजाने आपली म्हण केली : रांधता येईना, ओली लाकडे. स्त्रियांनी त्या म्हणीला उत्तर म्हणून दुसरी म्हण केली नाही. एक क्रियापद पुरेसे होते. मी बिघडविला असे कोणी म्हणाले नाही. अनारसा हसला, असे म्हणाल्या.

या ‘हसण्या’कडे क्षणभर लक्ष द्यावे. अनारसा हा आपल्या फराळातला सर्वांत लहरी पदार्थ. तांदूळ तीन दिवस भिजत घालावयाचा, पाणी रोज बदलावयाचे. या अवधीत तो किंचित आंबतो. मग निथळून कापडावर सावलीत पसरावयाचा आणि पुरता वाळण्याच्या आत, हाताला दमट लागतो तोवर, कुटून बारीक चाळावयाचा. गूळ आणि थोडे तूप घालून गोळे डब्यात मुरत ठेवावयाचे. पुढे खसखशीवर थापून, खसखशीची बाजू वर ठेवून, मंद आचेच्या तुपात सोडावयाचा. उलटावयाचा नाही, झाऱ्याने वरून तूप उडवावयाचे. सारे जमले तर त्याला जाळी पडते. गूळ अधिक झाला, पीठ ओलसर राहिले, की तो तुपात पडताच पसरतो, विरतो, त्याचे तुकडे चहूकडे तरंगतात. गुळाचा पाक होऊन पिठाचा बंध सुटतो, एवढाच त्याचा शास्त्रार्थ. पण भाषेने त्याला म्हटले ‘हसला’. चार दिवसांचे श्रम डोळ्यांपुढे विरघळत असता जिने प्रथम हा शब्द उच्चारला, तिच्या ठायी कवित्व होते असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. तिने आपली फजिती पदार्थाच्या तोंडी हसू म्हणून घातली. रडू आले असते तेथे तिने हसणे ठेवले, आणि तेही दुसऱ्याचे.

शिवाय हा शब्द निदानही आहे. अनारसा हसला म्हणजे गूळ चढला. त्यात थोडे कोरडे तांदळाचे पीठ मळावे. उलट तो कडक झाला, जाळी पडेना, तर पिकलेल्या केळ्याचा लहानसा तुकडा मळावा. लाडू बसले म्हणजे तूप अधिक झाले; आणखी बेसन भाजून त्यात मिसळावे. प्रत्येक बिघाडाच्या नावात त्याचे कारण आणि उपाय गुंडाळून ठेवलेले आहेत. हे ज्ञान ज्या पाकग्रंथात उतरले नाही, तो हजार कृती सांगूनही अपुरा राहतो. कारण सरळ मार्ग कोणीही दाखवील, वाट चुकलेल्याला परत आणणारा वाटाड्या विरळा. पाकग्रंथातला सर्वोत्तम गद्यभाग तोच, जेथे लेखिका घड्याळ बाजूला ठेवते आणि ‘तूप सुटेपर्यंत’, ‘खमंग वास येईपर्यंत’, ‘बोटाला चिकटेनासे होईतो’ अशा शब्दांत पदार्थाचा स्वतःचा काळ सांगते. ‘वीस मिनिटे’ या शब्दांत आज्ञा आहे, ‘तूप सुटेपर्यंत’ या शब्दांत निरीक्षण आहे.

आता रायपूरचा विचार करू, म्हणजे या भेदाचे व्यवहारी महत्त्व ध्यानी येईल. या भागाशी मराठ्यांचा संबंध जुना आहे. १७४१ साली नागपूरकर भोसल्यांची फौज छत्तीसगडात उतरली, १८५४ साली ते राज्य इंग्रजांकडे गेले, १९५६ पर्यंत नागपूर आणि रायपूर एकाच प्रांतात होती, आणि २००० साली रायपूर नव्या राज्याची राजधानी झाले. समता कॉलोनीत आणि तिला लागून असलेल्या चौबे कॉलोनीत, जेथे महाराष्ट्र मंडळ आहे, मराठी घरे आहेत. त्या घरांत पाकग्रंथ आहेत. पण ते ग्रंथ बहुधा पुण्यामुंबईच्या हवेत लिहिलेले आहेत. ‘रात्री विरजण लावावे, सकाळी घट्ट दही तयार’ हे वाक्य तेथे खरे असेल. रायपुरात मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो. रात्री लावलेले दही उजाडण्यापूर्वी आंबट होऊन पाणी सोडते. डिसेंबरात तेच विरजण सकाळपर्यंत ढिम्म राहते, कारण दुधाचे दही करणाऱ्या जीवाणूंना ऊब लागते आणि ती रात्री मिळत नाही. मग कोणी भांडे पिठाच्या डब्यात खुपसते, कोणी कांबळ्यात गुंडाळते. ग्रंथाचा विध्यर्थ येथे निरुपयोगी ठरतो, आणि ‘विरजण लागले नाही’ या अनुभवातून नवे शास्त्र घरोघर तयार होते.

तांदळाची गोष्ट तर याहून बोलकी आहे. मोदकाच्या उकडीला आंबेमोहोर घ्यावा असे आपली पुस्तके सांगतात. छत्तीसगड म्हणजे भाताचे कोठार. भातशास्त्रज्ञ डॉ. रा. ह. रिछारिया यांनी रायपुरात राहून या प्रदेशातून भाताचे सुमारे १९ हजार नमुने गोळा केले होते; तो ठेवा आज येथल्या इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयात आहे. अशा गावी आंबेमोहोरासाठी अडून बसणे हास्यास्पदच. दुबराज, विष्णुभोग, जवाफूल यांची पिठी हाती घेऊन उकड काढावी, ती फाटली तर का फाटली हे पाहावे, पाणी आणि वाफ यांचा नवा बेत जमवावा. रायपूरचा मोदक असाच घडणार. त्याचा पाकग्रंथ मात्र अजून कोणी लिहिलेला नाही.

आणि एवढे झाल्यावर शेजारी पाहावे. चैत्र-वैशाखात गच्चीवर मराठी घरातले कोहळ्याचे सांडगे वाळत असतात; पलीकडच्या गच्चीवर छत्तीसगडी घराची ‘रखिया बडी’ वाळत असते. दोन्हींत कोहळा, दोन्हींत उडदाची डाळ. वळवाची सर आली की दोन्ही गच्च्यांवर एकदमच धावपळ होते. दिवाळीच्या सुमारास मराठी घरात अनारसा होतो, आणि छत्तीसगडी घरात तांदळाचे पीठ आणि गूळ यांचाच ‘अइरसा’ तळला जातो. नावांतले साम्य कानाला लगेच जाणवते. आपला म्हणून जो पदार्थ आपण दूरदेशी जपून ठेवला, तो शेजारणीच्या घरी आधीपासूनच होता. पाकग्रंथ पदार्थांना प्रांतवार प्रकरणांत बसवितो. कढई ती प्रकरणे मानीत नाही. गूळ चढला की अइरसाही फसतो, आणि त्या वेळी दोन्ही घरचे दुःख एकच असते.

वाङ्मयाच्या दृष्टीने पाहता करणाऱ्याचा आवाज मराठीत दोन ठिकाणी निःशंकपणे उमटला आहे असे मला वाटते. पहिले ठिकाण लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’, जी १९३४ पासून भागशः प्रसिद्ध झाली. त्या चरित्राचा धागा आपल्या या मुलखातून गेलेला आहे; नारायण वामन टिळकांना ख्रिस्ती धर्माकडे वळविणारी ती प्रसिद्ध भेट राजनांदगावकडे येणाऱ्या आगगाडीत झाली. टिळकांनी १८९५ साली धर्मांतर केले. त्यानंतर लक्ष्मीबाईंची लढाई कोठे झाली? तत्त्वज्ञानाच्या पोथीत झाली नाही, चुलीशी झाली. कोणाच्या हातचे पाणी प्यावे, कोणाचे शिजविलेले खावे, हा त्यांचा प्रश्न होता. आणि जातिभेद सुटला तो तेथेच सुटला. त्यांच्या माहेरी वडिलांच्या सोवळ्याचा अतिरेक असा की मीठसुद्धा धुऊन घ्यावे. धुतलेल्या मिठाचे काय होत असेल हे निराळे सांगावयास नको. लक्ष्मीबाई हे सांगतात तेव्हा त्यांच्या स्वरात तक्रार नसते, उपहासही नसतो. ‘अनारसा हसला’ म्हणणाऱ्या स्त्रीचा तो स्वर आहे. स्वयंपाकघरातला सूर आत्मचरित्राला पुरतो, एवढेच नव्हे तर त्याला मोठेपण देतो, हे त्या ग्रंथाने सिद्ध केले.

दुसरे ठिकाण दुर्गाबाई भागवतांचे ‘खमंग’. मध्यप्रांताच्या आदिवासी भागात संशोधन करीत असता विषारी सुरण पोटात गेल्याने दुर्गाबाईंना काही वर्षे अंथरुणाला खिळावे लागले होते. अन्नाने ज्यांना असा दगा दिला, त्याच विदुषीने पुढे अन्नावर इतक्या लोभाने लिहावे, ही गोष्ट मनावर ठसते. ‘खमंग’मध्ये पदार्थ येतो तो आठवणींसह, लोकांसह, कथांसह. विध्यर्थाच्या काटेरी कुंपणातून पाकग्रंथाला बाहेर कसे आणावे, याचा तो वस्तुपाठ आहे.

येथे एक आक्षेप संभवतो, आणि तो टाळून चालणार नाही. घरी सर्व काही करण्याचे हे गुणगान म्हणजे स्त्रियांच्या पाठीवर पुन्हा जाते ठेवणे नव्हे काय? जात्यावरच्या ओव्या गोड खऱ्या, पण त्या गोडीसाठी पहाटे तीनला उठावे लागे, आणि ती कोणी स्वखुशीने पत्करलेली नव्हती. अनारशाचे तयार पीठ बाजारात मिळते आणि नोकरी करणारी स्त्री ते आणते, यात खेद मानण्यासारखे काहीच नाही. केल्याचा आनंद हा न करण्याची मोकळीक असेल तरच आनंद. किंबहुना आजच तो निखळ होण्याचा संभव आहे, कारण आज अनारसा हसला तर घर खरोखरीच हसू शकते, आणि झारा हाती धरलेला हात आता पुरुषाचाही असतो. माझी चिंता श्रम गेल्याची नाही, शब्द जाण्याची आहे. तयार पिठाचा अनारसा हसत नाही. ज्या घरात तो कधी हसलाच नाही, त्या घरातल्या मुलाला ‘हसणे’ या क्रियापदाचा हा अर्थ कोठून कळावा? महाराष्ट्रात तो शब्द निदान शेजारी ऐकू येईल. समता कॉलोनीत मराठी ही घराच्या उंबऱ्याआतली भाषा आहे. तिचे कितीतरी शब्द स्वयंपाकघराच्याच आधाराने उभे आहेत. सादळणे, मुरणे, विरणे, आळणे, फसफसणे, खमंग, खरपूस, दडदडीत हे शब्द शाळेच्या पुस्तकातून शिकविता येत नाहीत. ते कढईजवळ उभे राहूनच येतात, आणि बहुधा काहीतरी बिघडले असताना येतात.

म्हणून यापुढे जो कोणी, विशेषतः महाराष्ट्राबाहेर राहणारा लेखक वा लेखिका, मराठी पाकग्रंथ लिहील, त्याच्याकडे एक मागणी करावीशी वाटते. कृती कमी द्याव्यात. शंभरही पुष्कळ झाल्या. मात्र प्रत्येक कृतीखाली ‘बिघडल्यास’ असा एक परिच्छेद असावा, आणि त्यात तो बिघाड ज्या शब्दाने घरात ओळखला जातो तो शब्द जसाच्या तसा असावा. शेजारणीचा उपाय असेल तर तोही तिच्या बोलीतल्या नावासह द्यावा. आपल्या गावची हवा, आपल्या बाजारातला तांदूळ, मे महिन्यातले दही, यांची नोंद करावी. असे पुस्तक रायपुरातून निघाले, तर टीकाकारांनी ते गृहशास्त्राच्या कपाटातून काढून ललित गद्याच्या शेजारी ठेवावे, आणि मग एखाद्या रविवारी तांदूळ भिजत घालून त्याची परीक्षा करावी.